दर्शनी पाषाण आणि फिरता पाषाण : म्हैसूरमधील दोन राजकन्यागृहांचे वाचन

म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा १८९७ साली आगीत भस्मसात झाला. ही आग ज्येष्ठ राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसमारंभाच्या वेळी लागली. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार करड्या ग्रॅनाइटमध्ये नवा राजवाडा उभारला गेला आणि तो १९१२ साली पूर्ण झाला. लाकडाकडून पाषाणाकडे झालेले हे संक्रमण म्हैसूरच्या वास्तुइतिहासात नेहमी नोंदले जाते. मात्र ज्या कन्येच्या विवाहाशी या संक्रमणाचा आरंभ जोडलेला आहे तिच्या स्वतःच्या घराकडे, आणि तिच्या बहिणींच्या घरांकडे, अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. दहावे चामराजेंद्र वडियार १८९४ मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात राणी केंपनंजम्मण्णी यांनी, म्हणजे ‘वाणीविलास सन्निधान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजमातेने, १९०२ पर्यंत राज्यकारभार सांभाळला आणि नंतर तो चौथ्या कृष्णराज वडियारांकडे आला. या घराण्यातील तीन कन्यांसाठी शहराच्या तत्कालीन सीमेबाहेर स्वतंत्र प्रासाद बांधले गेले. थोरल्या कन्येचा जयलक्ष्मी विलास १९०५ मधला आहे. मधल्या कन्येचा, कृष्णाजम्मण्णींचा, करंजी तलावाजवळ आहे. धाकट्या चेलुवाजम्मण्णींचा चेलुवांबा मॅन्शन या नावाने ओळखला जातो.

मधल्या बहिणीची कथा येथे बाजूस ठेवावी लागते. तिचा अकाली मृत्यू क्षयाने झाला आणि तिचे नाव शहरात आजही प्रामुख्याने क्षयरोग रुग्णालयाच्या रूपाने टिकून आहे. तिच्या प्रासादात टपाल खात्याचे प्रशिक्षण केंद्र आले. प्रस्तुत लेखाचा विषय थोरली आणि धाकटी यांची दोन घरे हा आहे. या दोन वास्तूंना पुढे लाभलेली आयुष्ये, शेजारी ठेवून पाहिली असता, मौखिक साहित्याच्या तौलनिक अभ्यासापुढे एक अवघड प्रश्न उभा करतात. पहिल्या घरात लोकवस्तुसंग्रहालय आले. दुसऱ्या घरात अन्न तंत्रज्ञानाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आली. दोन्ही घटना स्वतंत्रपणे परिचित आहेत. त्यांचा परस्परसंबंध मात्र क्वचितच विचारात घेतला जातो.

‘वास्तू ही एक संहिता आहे’ हे विधान समीक्षेत आता इतके रूढ झाले आहे की त्यातून काही निष्पन्न होण्यापूर्वीच ते मान्य केले जाते. संहिता म्हटल्यावर ती कोण वाचतो आणि कोणत्या बाजूने वाचतो हे प्रश्न ओघानेच येतात. म्हैसूरच्या या प्रासादांचे आजवरचे वाचन बहुतांशी दर्शनी बाजूने झालेले आहे. जयलक्ष्मी विलासाच्या प्रचलित वर्णनांत टेकाडावरील प्रशस्त जागा, कॉरिंथियन आणि आयोनिक घाटाचे जोडस्तंभ, त्रिकोणी शिरोभाग, कल्याणमंडपावरील अष्टकोनी घुमट आणि रंगीत काचा यांचा क्रमाने उल्लेख येतो. त्यापाठोपाठ आकडे येतात : सुमारे सव्वाशे खोल्या, तीनशेहून अधिक खिडक्या, २८७ कोरीव दरवाजे, सात लाख रुपयांचा खर्च. चेलुवांबा प्रासादाच्या वर्णनांचा कल तोच आहे : समतोल दर्शनी भाग, स्तंभयुक्त सज्जे, पोर्च, पुढची बाग. ही सारी वर्णने खोटी नाहीत. परंतु त्यांचा वाचक प्रवेशमार्गावर, बग्गी थांबते त्या जागी उभा आहे, आणि तो तेथून हलत नाही.

या दर्शनी भागाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. कॉरिंथियन आणि आयोनिक स्तंभ हे मूलतः पाषाणाचे व्याकरण आहे. ग्रीक मंदिराच्या तुळईचा भार दगडी खांबावर कसा उतरतो, याचे दृश्य स्पष्टीकरण त्या घाटात आहे. वसाहतकालीन भारतात हे घाट बहुधा विटांवर चुन्याचा गिलावा देऊन घडवले गेले, त्यामुळे पाषाणाचे रूप राहिले आणि पाषाण गेला. अशा स्तंभाला ‘उद्धृत पाषाण’ म्हणता येईल. तो दुसऱ्या संस्कृतीच्या वास्तुग्रंथातून घेतलेला उतारा आहे, आणि उताऱ्याचे काम प्रतिष्ठा देण्याचे असते. भार बहुधा मागची भिंत वाहते. याच कारणाने या शैलीला केवळ ‘अनुकरण’ म्हणून निकालात काढणे उथळपणाचे ठरेल. उतारा कोठून घेतला यापेक्षा तो कोणत्या वाक्यात बसवला हे समीक्षेला महत्त्वाचे असते. जयलक्ष्मी विलासात पाश्चात्य स्तंभांची ओळ ओलांडून आत गेले की कल्याणमंडपाची कल्पना येते, कोरीव काम येते, विवाह आणि नृत्य यांच्यासाठी राखलेली मधली जागा येते. वाक्यरचना कन्नड आहे, आरंभीचे शब्द तेवढे परके.

मराठी वाचकाला येथे वाड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ही तुलना उपकारक आहे. पेशवाईतील वाडा रस्त्याकडे जवळजवळ पाठ फिरवून उभा असतो. बाहेरून दगडी जोते, जाड भिंत, देवडी, दिंडी दरवाजा. खिडक्या थोड्या आणि उंचावर. त्याचे सौंदर्य आतल्या चौकाभोवती, सोप्याच्या लाकडी खांबांत आणि महिरपींत साठवलेले असते. म्हैसूर प्रदेशातील तोट्टी मने, म्हणजे मधोमध आकाशाला उघडा चौक असलेले घर, याच कुळातले. राजकन्यांच्या प्रासादांनी ही दिशा उलटवली. त्यांनी तोंड बाहेर केले, खिडक्या शेकड्यांनी वाढवल्या, आणि जे घर पाहण्यासाठी आत जावे लागे ते दुरून दिसेल असे केले. अंतर्मुख घरातून बहिर्मुख घराकडे झालेला हा प्रवास मराठी प्रदेशातील संस्थानी राजवाड्यांतही दिसतो. कोल्हापूरचा मेजर मँट याने आराखडलेला, १८८० च्या दशकात पूर्ण झालेला नवा राजवाडा हे जवळचे उदाहरण. म्हैसूरमध्ये विशेष इतकेच की ही बहिर्मुखता स्त्रियांच्या नावाने बांधलेल्या घरांच्या वाट्याला आली. ज्यांचे स्वतःचे दर्शन मर्यादित होते त्यांच्या घरांचे दर्शन अमर्याद झाले. जयलक्ष्मम्मण्णींचे पती सरदार कांतराज अरस हे राजमातेचे बंधू; पुढे १९१८ ते १९२२ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. तेव्हा या घराच्या दर्शनी भागाला राजकीय प्रयोजनही होते, हे विसरून चालणार नाही.

जयलक्ष्मी विलासाचे दुसरे आयुष्य एका कवीमुळे सुरू झाले. कुवेंपु १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९५९ मध्ये, हा प्रासाद विद्यापीठाने घेतला आणि त्याभोवती मानसगंगोत्री हे पदव्युत्तर शिक्षणाचे संकुल उभे राहिले. संकुलाचे नावही कुवेंपुंनीच दिलेले. साठच्या दशकाच्या अखेरीस, दे. जवरेगौडा यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या कन्नड अध्ययन संस्थेच्या आश्रयाने, येथे लोकवस्तुसंग्रहालय सुरू झाले. कर्नाटकाच्या निरनिराळ्या भागांतून शेतीची अवजारे, घरगुती भांडी, दिवे, मापे, ग्रामदेवतांची सोंगे, यक्षगानाची वेशभूषा, चामड्याच्या बाहुल्या अशा हजारो वस्तू जमवल्या गेल्या. कन्नड लेखकांच्या वापरातील वस्तूंचा एक विभागही त्यात आहे.

या घटनेचे एक ठरीव स्पष्टीकरण आहे. राजघराण्याच्या वास्तूत लोकांच्या वस्तू येऊन बसल्या. ‘मार्ग’ आणि ‘देशी’ या कविराजमार्गापासून चालत आलेल्या द्वंद्वात देशीचा हा उशिरा झालेला विजय, असे ते मांडले जाते. विधान आकर्षक आहे. त्यातील लोकशाही समाधानही समजण्यासारखे आहे. परंतु ते एका गृहीतकावर उभे आहे. देशी वस्तू या घरात प्रथमच आल्या, असे ते धरून चालते. एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या, सेवकवर्गाच्या आणि पाहुण्यांच्या घरात धान्य निवडले, कांडले, दळले जात नव्हते असे मानायला कोणताच आधार नाही. सूप, उखळ, मुसळ, जाते या वस्तू कल्याणमंडपात नव्हत्या, पण त्या घराबाहेरही नव्हत्या. मागच्या बाजूने वाचू लागले की देशी हा या घराचा मूळचा रहिवासी ठरतो आणि पाहुणेपण दर्शनी स्तंभांकडे जाते. १९६० नंतर घडले ते एवढेच की मागील दाराने वावरणाऱ्या वस्तू पुढील दालनांत आल्या, आणि पुढे येण्याची किंमत म्हणून त्यांना स्वतःचे काम सोडावे लागले.

या संग्रहातील चामड्याच्या बाहुल्यांविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ‘तोगलु गोंबेयाट’ या नावाने कर्नाटकात ओळखला जाणारा हा छायाखेळ प्रामुख्याने किळ्ळेक्यात समाजाने जोपासला. रामायण-महाभारताचे प्रसंग कन्नडमध्ये सादर करणाऱ्या या समाजाची घरातली बोली मराठीचे एक रूप आहे. आंध्र आणि तमिळ प्रदेशातील छायाबाहुल्यांच्या काही परंपरागत कलावंत कुटुंबांतही हीच स्थिती आढळते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकरांच्या खेळाशी या सर्वांचे नाते तपासण्यासारखे आहे. याचा अर्थ, कन्नड लोकपरंपरेचे प्रतीक म्हणून मांडलेल्या वस्तूच्या पडद्यामागे मराठी बोलले जात होते. मराठी अभ्यासकाने यावरून मालकी सांगू लागणे हास्यास्पद होईल. खेळाची भाषा एक आणि चुलीची भाषा दुसरी असणे ही दक्षिणेत असंख्य समाजांची सहज अवस्था आहे. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठीच होती. प्रश्न संग्रहालयाच्या पद्धतीचा आहे. बाहुली पडद्यापुढे मांडली जाते तेव्हा तिची ‘पुढची’ भाषा नोंदली जाते आणि ‘मागची’ गळते. हा दोष इमारतीच्या दर्शनी वाचनासारखाच आहे; म्हणजे वास्तू आणि संग्रह यांना एकच सवय जडलेली दिसते.

आता धाकट्या बहिणीचे घर. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था २१ ऑक्टोबर १९५० रोजी चेलुवांबा प्रासादात सुरू झाली. बंगालचा १९४३ चा दुष्काळ आणि युद्धोत्तर अन्नटंचाई यांची स्मृती ताजी होती. देशातील धान्य साठवणे, टिकवणे, दळणे आणि पोषक करणे हे प्रश्न निकडीचे होते. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे संस्थेचे पहिले संचालक. भुईमूग आणि हरभरा यांच्या पिठांपासून बनवलेले बहूद्देशीय अन्न, म्हशीच्या दुधापासून तयार केलेले बालान्न ही या संस्थेची सुरुवातीच्या दशकांतील ख्यातनाम कामे. पुढे स्विस सहकार्याने येथे पीठगिरणी तंत्राचे आंतरराष्ट्रीय विद्यालयही निघाले. सांस्कृतिक समीक्षेने या घराची दखल घेतलेली नाही. प्रयोगशाळा झालेली वास्तू साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेर गेली, असे जणू ठरूनच गेले आहे. वारसा म्हणून तिचा उल्लेख झालाच तर पुन्हा स्तंभांचा आणि बागेचा होतो. आत काय चालते याचा नाही. हे दुर्लक्ष समर्थनीय नाही. कारण तेथे ज्या क्रियेचा शास्त्रीय अभ्यास चालतो ती दळण्याची क्रिया कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांतील स्त्रियांच्या काव्याची जन्मभूमी आहे.

शब्दांपासून आरंभ करता येईल. कन्नडमध्ये जात्याला ‘बीसुकल्लु’ म्हणतात : बीसु म्हणजे दळणे, कल्लु म्हणजे दगड. मराठी ‘जाते’ संस्कृत ‘यंत्र’ शब्दावरून आले. एका भाषेने वस्तूतील पाषाण लक्षात ठेवला, दुसरीने वस्तूतील यंत्र. दोन्ही अर्थ खरे आहेत आणि म्हैसूरच्या दोन घरांनी त्यांची नकळत वाटणी करून घेतली आहे : संग्रहालयाकडे पाषाण, प्रयोगशाळेकडे यंत्र.

या दगडाभोवती दोन छंद वाढले. कन्नडमध्ये त्रिपदी, तिचा प्राचीन नमुना बदामीच्या कड्यावरील कप्पे अरभट्टाच्या, इसवी सनाच्या सुमारे सातशेच्या, शिलालेखात आहे, आणि पुढे सर्वज्ञाने तिला घरोघर पोहोचवले. मराठीत ओवी. दोन्हींत ओळ श्वासाच्या आणि हाताच्या फेऱ्याच्या मापाने तुटते. दोन्हींत गाताना शब्दांची पुनरावृत्ती होते, आणि ती पुनरावृत्ती छापील पानावर निरर्थक वाटते, खुंट्यावर मात्र अपरिहार्य असते. या साम्यावरून एका छंदाची व्युत्पत्ती दुसऱ्यात शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो आवरलेला बरा. समान श्रमातून समान लय उपजू शकते; उसनवारीचा दावा करण्यासाठी त्याहून अधिक पुरावा हवा. एवढे मात्र निर्विवाद आहे की महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही बाराव्या शतकातील नोंद कर्नाटकात, कल्याणच्या चालुक्य दरबारात लिहिल्या गेलेल्या ग्रंथात आढळते. तिसऱ्या सोमेश्वराच्या या ग्रंथाचे नाव ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’.

मानसोल्लासाचे महत्त्व प्रस्तुत विषयाला दुहेरी आहे. मराठी अभ्यासक तो ओवीच्या एका उल्लेखापुरता उघडतात आणि मिटतात. वस्तुतः या ग्रंथाची रचनाच एखाद्या विस्तीर्ण राजगृहासारखी आहे. पाच विंशती, शंभर अध्याय. त्यांत राजाचे घर कसे असावे याचा विचार येतो, अन्नभोगात इडरिका, धोसिका आणि मांडे यांसारख्या पदार्थांच्या कृती येतात, आणि पुढे गीतविनोदात देशोदेशीची गाणी येतात, त्यांत ओवी येते. घर, अन्न आणि गाणे एकाच छपराखाली, एकाच लेखकाच्या नजरेसमोर आहेत. ती नजर भोगणाऱ्याची आहे, दळणाऱ्या-कांडणाऱ्या स्त्रीची नाही, ही मर्यादा स्पष्टच आहे. तरीही पदार्थ आणि गीत यांच्यामध्ये तेथे भिंत नाही. योगायोग असा की हा ग्रंथ आधुनिक काळात मुद्रित झाला तो दोन संस्थानांत, जवळजवळ एकाच वेळी. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये आला, आणि म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयातून रा. शामशास्त्री यांनी संपादिलेला पहिला भाग १९२६ मध्ये. मराठी भाषिक राजवटीतले एक मुद्रण, कन्नड भाषिक राजवटीतले दुसरे. तेव्हा या शहरात तो ग्रंथ छापला जात असताना दोन्ही प्रासाद घरेच होते. पंचवीस-तीस वर्षांनी त्यांपैकी एकाकडे अन्नाचा अध्याय गेला, आणखी काही वर्षांनी दुसऱ्याकडे गाण्याचा. मधले पान फाटले.

हे पान फाटल्याचे दुःख करणे सोपे आहे, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासात असे दुःख भरपूर केले गेले आहे. गिरणी आली, जाते गेले, ओवी मेली : हे सूत्र मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच हळहळीने सांगितले जाते. संकलनाची प्रेरणाही याच हळहळीतून आली, हे मान्य केले पाहिजे. विजापूर भागातील हलसंगी येथील मित्रमंडळाने, मधुरचेन्न, सिंपी लिंगण्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९३१ मध्ये ‘गरतिय हाडु’ हे स्त्रीगीतांचे संकलन प्रसिद्ध केले. मराठीत साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’साठी ओव्या जमवल्या. दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांच्या कामाने या संकलनाला अनुक्रमे शास्त्राची आणि संस्थेची बैठक मिळाली. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुण्यातून चाललेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. हलसंगी भीमाकाठच्या प्रदेशात, सोलापूरच्या सीमेलगत आहे. तेथील दळणाऱ्या स्त्रीला नदीपलीकडची ओवी अनोळखी नसणार. संकलकांनी मात्र आपापल्या भाषेच्या वहीत आपापली गाणी लिहिली.

पण या गाण्यांत म्हटले काय आहे? संकलनांची विषयवारी भाऊ, माहेर, सासर, देव, विठ्ठल अशी केलेली असते. त्यामुळे एक सूत्र सर्व विषयांत विखुरले जाऊन दिसेनासे होते. ते सूत्र श्रमाचे आहे. पहाटेची झोपमोड, हातांना पडलेले घट्टे, न संपणारी पाटी, एकटीने ओढावे लागणारे जाते, दुसऱ्या हाताची याचना. जाते देव होतो, सखा होतो, साक्षीदार होतो, याचे कारण त्या प्रहरी दुसरे ऐकणारे कोणी नसते. अर्थात जात्यावरचे गाणे बऱ्याच अंशी जात्याविरुद्धचेही गाणे आहे. त्यातील माधुर्यावर लुब्ध झालेली समीक्षा ही तक्रार अलंकार म्हणून वाचते. गाणाऱ्या स्त्रीने ती तक्रार म्हणूनच केली होती.

या दृष्टीने दोन घरे म्हणजे एकाच गीताची दोन वाचने होत. थोरलीच्या घराने गीताचा घाट आणि त्याचे साहित्य जपले. तक्रार ऐकली, पण नोंदवून ठेवण्यापलीकडे तिच्याविषयी काही करणे त्या घराच्या अधिकारात नव्हते. धाकटीच्या घराने तक्रार ऐकली आणि गीत ऐकले नाही. दळण्याचे कष्ट कमी करणे, पिठाचे पोषण टिकवणे, थोड्या इंधनात अधिक दळणे हे त्या घराने प्रश्न म्हणून हाती घेतले. येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. जाते घरांतून गेले ते मुख्यतः गावोगावी पोहोचलेल्या तेलावरच्या आणि विजेवरच्या चक्क्यांमुळे. कोणत्याही एका संस्थेला त्याचे श्रेय किंवा दूषण देता येत नाही. परंतु बौद्धिक वृत्ती म्हणून पाहता, ओवीतील याचनेला उत्तर देण्याचा प्रयत्न प्रयोगशाळेच्या बाजूने झाला, हे साहित्याच्या अभ्यासकाने मोकळेपणाने कबूल करायला हवे. हळहळ करणाऱ्यांपैकी कोणी आपल्या घरातील स्त्रीने पुन्हा पहाटे जात्यावर बसावे असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

प्रयोगशाळेच्या वाचनातही उणीव आहे आणि ती गंभीर आहे. दळण्याचा विचार तेथे धान्य, दाब, उष्णता, कणांचा आकार या परिमाणांत होतो. दळणारी व्यक्ती हिशेबातून वगळली जाते. जाते हटल्यावर पहाटेचा तो प्रहर मोकळा झाला. त्या प्रहरात स्त्री स्वतःशी आणि शेजारणीशी ज्या भाषेत बोलत असे ती भाषा कोठे जाणार, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नव्हता. साहित्याच्या अभ्यासाचा होता, आणि त्यानेही तो विचारला नाही. कारण संकलकांचे लक्ष ‘जात्यावरची’ ओवी जाते आहे तोवर टिपण्याकडे होते. दगडाशिवाय ओवी चालू राहते काय, राहिली तर तिची ओळ कशी बदलते, खुंट्याचा फेरा नसताना पुनरावृत्ती कशाच्या आधाराने टिकते, या प्रश्नांसाठी दोन्ही भाषांतील सामग्री एकत्र वाचावी लागेल. पुण्यातील संग्रहात जात्याच्या आठवणीने, जात्याविना गायलेल्या ओव्याही आहेत. त्या अशा अभ्यासाला अधिक उपयोगी ठरतील. डॉ. आंबेडकरांवरील ओव्या तर जाते मागे पडत चाललेल्या काळातही नवा आशय घेऊन आल्या, आणि ओवी केवळ दळण्याची सोबत होती या समजुतीला त्यांनीच पहिला धक्का दिला.

आणखी एक गोष्ट दोन्ही वाचनांतून निसटते. या घरांच्या मालकिणींनी दळले नाही. ज्यांनी दळले त्यांच्या नावाची खोली कोणत्याही आराखड्यावर नसते. लोकसाहित्याच्या संकलनांत ‘गरती’ म्हणजे कुलस्त्री ही गाणारी म्हणून कल्पिली गेली. मोलाने दुसऱ्याच्या घरी दळणाऱ्या स्त्रीचे गाणे वेगळे होते काय, याची विचारणा फारशी झालेली नाही. राजप्रासादाच्या मागील बाजूस बसून दळणाऱ्या स्त्रीचे गाणे कुलस्त्रीच्या माहेर-सासर या चौकटीत मावणारे नाही. येथे वास्तूचा अभ्यास साहित्याच्या अभ्यासाला थेट मदत करू शकतो. दळण्याची जागा घरात कोठे होती, तेथून आवाज कोठवर पोहोचत असे, मालकिणीच्या कानी पडत असे की नाही, हे कळले तर गीतातील उघड आणि दबलेले यांचा उलगडा करता येईल. वाड्याच्या माजघरातून ओसरीपर्यंत ओवी ऐकू जाई. सासूला ऐकू जाईल अशा बेताने सुनेने ती रचलेली असे. सव्वाशे खोल्यांच्या घरात हे गणित निराळे असणार.

जयलक्ष्मी विलासाची मोठी दुरुस्ती इन्फोसिस प्रतिष्ठानाच्या आर्थिक साहाय्याने २००२ पासूनच्या काही वर्षांत झाली. तरीही त्यानंतरच्या काळात इमारतीच्या काही भागांची स्थिती पुन्हा चिंताजनक झाली आणि दुरुस्तीचा प्रश्न नव्याने पुढे आला. अशा प्रत्येक वेळी प्राधान्य घुमटाला, स्तंभांना, कोरीव दरवाजांना मिळते. पडझडीत आधी काय सावरावे याला तांत्रिक कारणे असतात आणि ती मोडीत काढता येत नाहीत. पण दस्तऐवजीकरण दुरुस्तीहून स्वस्त असते. स्वयंपाकघरे, कोठारे, सेवकांच्या वाटा, मागील अंगणे, तेथील फरशीवर जात्याच्या किंवा उखळाच्या जागेची काही खूण उरली असेल तर ती, यांची मोजमापे घेऊन ठेवणे दोन्ही वास्तूंत अद्याप शक्य आहे. धाकटीच्या घरात हे काम अधिक कठीण, कारण तेथील खोल्यांनी प्रयोगशाळेचा संसार अनेक दशके केला आहे आणि भिंतींत फेरफार होणे अटळ होते. थोरलीच्या घरात ते तुलनेने सोपे असायला हवे. संग्रहालयाच्या मांडणीत ‘कोणत्या जिल्ह्यातून आणले’ या रकान्याशेजारी ‘घरात कोणत्या जागी असे’ आणि ‘वापरणाऱ्याची घरची बोली’ असे दोन रकाने वाढवले तर त्या इमारतीच्या पुढील आणि मागील बाजूंमध्ये प्रथमच नोंदीचा व्यवहार सुरू होईल. चामड्याच्या बाहुल्यांपासून आरंभ करता येण्याजोगा आहे. त्यांच्याबाबतीत दुसऱ्या रकान्यात काय लिहायचे हे माहीत आहे.